आणि?

गेल्या रविवारी दुपारी एक तरुण जोडपं घर बघायला आलं होतं. ओळखीच्यांच्या ओळखीतलं. अशी माणसं अधूनमधून येतात. मातीचं गोल घर म्हटलं की येतातच. उंबरा ओलांडताना सगळ्यांचा आवाज एक पट्टी खाली उतरतो, हे मला आता ठाऊक झालंय. मग हात भिंतीकडे जातो. गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा तळवा भिंतीवरून फिरतो. मग मान वर, छपराच्या चक्राकडे. मग "वा!" आणि मग पाणी पिऊन झाल्यावर, खुर्चीत जरासं पुढे सरकून, "ताई, एक विचारू का? सगळं मिळून कितीला पडलं हो?"

मी आकडा सांगितला. तो मला पाठ आहे. सांगताना मी थोडा अभिमान आणि थोडी खंत असं मिश्रण आवाजात आणते, तेही आता पाठ झालंय. नवरा तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यांवर बसून, कपाटामागे लांब पट्टी घालून, पडलेला कंगवा काढायच्या खटपटीत होता. मान वर न करता तो तिथूनच म्हणाला, "आणि?"

सगळे हसले. मीही हसले. कंगवा काही निघाला नाही.

रात्री मात्र तो शब्द पायात काटा मोडल्यासारखा सलत राहिला. नवरा टोमणे मारणाऱ्यातला नाही. तो फार तर गप्प बसतो. त्यामुळे त्याच्या तोंडून आलेला तो दोन अक्षरी प्रश्न मला झोपू देईना. आकड्यानंतर खरंच काहीतरी यायला हवं होतं, ते मी गेली कित्येक वर्षं कुणालाच सांगत नव्हते, आणि ते त्याला माहीत होतं.

आधी कंगव्याचं सांगते. आमची मधली खोली गोल आहे, आतून सात मीटर व्यासाची. दीड मीटर रुंद, सरळ पाठीचं कपाट अशा भिंतीला लावलं की त्याच्या मागच्या दोन्ही कडा भिंतीला टेकतात आणि मधोमध आठ सेंटीमीटरची फट उरते. हे मी कागदावर कंपास घेऊन काढून पाहिलं, पण कपाट आल्यानंतर. आधी काढावं असं सुचलंच नाही. आठ सेंटीमीटर हे मोठं वाईट माप आहे. वस्तू आत जायला भरपूर आणि हात आत जायला अपुरं. आजवर त्या फटीने एक मोजा, दोन पेन्सिली, विजेचं एक बिल आणि तीन कंगवे गिळलेत. केरसुणी अर्धी आत जाते आणि अर्धा कचरा पलीकडच्या बाजूला ढकलते. दर दोनेक महिन्यांनी दोघांनी मिळून ते कपाट पुढे ओढायचं, मागे झाडायचं, परत लावायचं. हे काम वहीत कुठल्या रकान्यात बसतं?

वही म्हणजे घराच्या हिशेबाची वही. जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापड लावलेली, मातीच्या बोटांनी उलटून उलटून कोपरे काळे पडलेली. पाया, माती, वाळू, पेंढा, लाकूड, चुना, मजुरी, वाहतूक, वायरिंग. शेवटच्या पानावर 'एकूण', त्याखाली दोन रेघा. त्या दोन रेघा ओढताना मला काय हायसं वाटलं होतं! ठरवलेला आकडा आम्ही बराच मागे टाकला होता; पण त्याची लाज वाटावी असं कुणी वागवलं नाही. घर पाहावं बांधून, ही म्हण लोकांनी इतक्यांदा ऐकवली की खर्च वाढणं हा जणू बांधकामाचाच भाग आहे असं वाटायला लागलं. पैसे वाढतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्या वाढलेल्या पैशांआडून बाकीचं सगळं निसटतं.

गोल घर ही माझी कल्पना. माझी एकटीची. त्यासाठी माझ्याकडे एक गणितही होतं आणि ते मी भेटेल त्याला ऐकवायचे. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरस खोलीपेक्षा गोल खोलीला साधारण ११ टक्के कमी भिंत लागते. कमी भिंत म्हणजे कमी माती, कमी मजुरी, कमी पैसे. गणित बिनचूक आहे. आजही आहे. फक्त जगातली बाकी प्रत्येक गोष्ट सरळ असते, हे त्या गणितात धरलेलं नव्हतं. फळी सरळ, पत्रा सरळ, फरशी चौकोनी, पलंग चौकोनी, दाराची चौकट काटकोनात. भिंतीत वाचवलेले ११ टक्के फरशीच्या तुकड्यांतच गेले. भिंतीलगतची एकही फरशी अखंड बसली नाही. एकेक फरशी पुठ्ठ्याचा नमुना ठेवून कापायची, आणि कापून उरलेले चंद्रकोरीसारखे तुकडे मागच्या अंगणात टाकायचे. त्यांचा ढीग अजून तिथे आहे. पावसात तो फार सुंदर दिसतो, हे वेगळं.

पण फरशी नंतरची. सुरुवात बरण्यांनी झाली. कॉबची भिंत, म्हणजे माती, वाळू आणि पेंढा एकत्र तुडवून त्याचे गोळे एकावर एक थापत चढवलेली भिंत. त्यासाठी आधी आपल्या मातीत काय काय आहे ते कळायला हवं. काचेच्या बरणीत माती घ्यायची, पाणी भरायचं, झाकण लावून जोरजोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाला बसते. पोयटा, म्हणजे बारीक गाळ, तासा-दोन तासांत. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात लोंबकळत राहते. जागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली, वेगवेगळ्या खोलीवरची माती भरलेल्या एकोणीस बरण्या खिडकीत रांगेने उभ्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत बसायचे, लोक माशांच्या टाकीकडे बघतात तसं. त्या हलवायचं काम नवऱ्याचं. ऑफिसमधून आल्यावर, हातपाय धुऊन, एकेक बरणी. मग नमुन्याच्या विटा. वाळू कमी पडली की वीट तडकायची, जास्त झाली की भुगा व्हायची. प्रत्येक विटेवर खिळ्याने कोरलेलं प्रमाण असायचं आणि प्रत्येक वीट वाळायला दोन आठवडे घ्यायची. पहिला गोळा भिंतीवर चढायच्या आधी सहा महिने गेले. वहीत त्या सहा महिन्यांची एकच नोंद आहे: 'बरण्या'.

मग तुडवणं. ताडपत्रीवर माती पसरायची, वाळू पसरायची, पाणी शिंपडायचं आणि अनवाणी तुडवायचं. ताडपत्रीची एक कड धरून ओढली की सगळा गोळा उलटतो. पेंढा टाकायचा, परत तुडवायचं. पहिल्या दिवशी आम्ही गाणी म्हटली. मित्र आले होते, त्यांची पोरं आली होती, भरपूर फोटो निघाले. लोक बघतात ते फोटो त्याच दिवसाचे. चाळिसाव्या दिवशी गाणी नव्हती. टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांत मातीचा गारठा शिरायचा, आणि नखांच्या कडेला बसलेली माती घासूनही निघत नव्हती. पुढे चुन्याचा गिलावा आला तेव्हा त्या भेगांत चुना गेला. चुना किती भाजतो हे सांगून कळत नाही.

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून उठून मी एक हिशेब केला. फक्त मधल्या गोल खोलीचा. भिंतीची जाडी ४५ सेंटीमीटर, उंची २.७ मीटर, दारं-खिडक्या वजा जाता साधारण साडेपंचवीस घनमीटर माती. कॉबचं वजन घनमीटरला १.७ टन धरलं तर ४३ टनांच्या आसपास. पण ही माती आपण होऊन भिंत झाली नाही. ती एकदा खणली, एकदा चाळली, एकदा ताडपत्रीवर ओढली, एकदा घमेल्यात भरून भिंतीपाशी नेली आणि एकदा वर चढवून थापली. पाच वेळा उचलली. म्हणजे एका खोलीसाठी २१५ टन. पेंढा, पाणी आणि पडून गेलेली भिंत यात धरलेली नाही. हो, एक भाग पडलाही होता. एका वेळी फूट-दीड फूटच चढवायचं, तो थर घट्ट झाला की मगच पुढचा. मी घाई केली, खालचा थर वरच्या वजनाने फुगला आणि संध्याकाळी पोटात गुद्दा बसल्यासारखा 'धप्प' असा आवाज आला. ती माती दहा वेळा उचलली गेली.

आमचे गवंडी, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते त्या संध्याकाळी काहीच बोलले नाहीत. करणी धुतली, पिशवीत टाकली आणि गेले. मामांबद्दल मला आजही अपराधी वाटतं. चाळीस वर्षांचा हात, आणि मी त्यांच्या हातातला, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा ओळंबाच निकामी करून टाकला होता. भिंत गोल, वर शेंड्याकडे जराशी निमुळती. ओळंबा लावायचा कशाला? त्याऐवजी खोलीच्या मध्यावर एक खांब रोवला होता. त्याला फिरती काठी, आणि काठीचं टोक जिथे पोचेल तिथे भिंतीची आतली कड. दर थराला काठी थोडी बदलायची. मामा दर दोन गोळ्यांनी थांबायचे, खाली उतरायचे, लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचे आणि परत चढायचे. एकदा मी विचारलं, इतका वेळ का लागतोय? म्हणाले, "ताई, सरळ भिंत हात आपापला बांधतो. मी तिकडं घरचा विचार करत बसलो तरी भिंत सरळच येती. हितं घरचा विचार करायची सोय नाही. दर थराला बघावं लागतं. हाताची मजुरी मिळती, बघायची कोण देतं?"

मी त्यांची रोजंदारी वाढवली. वहीत तो आकडा आहे. पण त्यांनी जे सांगितलं ते पैशांचं नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं नाही. ज्या कामात माणूस वाकबगार आहे, त्यात त्याला पुन्हा शिकाऊ करून टाकायचं, तेही आपल्या हौसेखातर, आणि वर आपण त्याला नवं काहीतरी शिकवतोय असा आव आणायचा. हा आव मी आणला होता. पाहुण्यांसमोर "मामांसाठीही हा वेगळाच अनुभव होता" असं मी म्हणत असे. अनुभव माझा होता. त्यांची ती पाठदुखी होती.

सुताराचंही तेच झालं, फक्त तो बोलून मोकळा झाला. वाकड्या भिंतीत सरळ चौकट बसवायची म्हणजे एका कडेला भिंत जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ; शिवाय माती वाळताना खाली बसते, म्हणून चौकटीवर फट सोडायची आणि ती वर्षभराने भरायची. "वर्षभराने कोण येणार?" असं त्याने विचारलं. आम्ही हसण्यावारी नेलं. वर्षभराने कुणी आलं नाही. नवऱ्याने भरली. वायरमनने आधी नळ्या कुठून जाणार ते विचारलं, कारण मातीची भिंत नंतर खोदायची नाही. मग दिवा कुठे, पंखा कुठे, टेबल कुठे, उशाशी बटण कुठल्या हाताला, हे सगळं भिंत उठायच्या आधी ठरवायचं. ज्या घरात अजून एक रात्र झोपलो नाही त्यात आपण कुठल्या कुशीवर वळणार, हे सांगायचं. नेहमीच्या घरात ही उत्तरं कुणीतरी आधीच देऊन ठेवलेली असतात आणि ती आपल्याला फुकट मिळतात. वेगळं घर म्हणजे ही फुकटची उत्तरं नाकारणं. मला प्रत्येक उत्तर स्वतः द्यायचं होतं आणि तीन महिन्यांत मी अशी झाले की रात्री जेवायला काय, एवढं कुणी विचारलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

परवानगीच्या खेपांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच, की आराखड्याच्या छापील अर्जात लांबी आणि रुंदी असे दोनच रकाने होते. कर्ज देणाऱ्यांनीही बिचाऱ्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, अशा घराला आसपास कितीची मागणी आहे? आसपास असं घरच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या कागदावर त्याची किंमत रिकाम्या जागेपेक्षा फार वर गेली नाही. जे एकमेव आहे त्याला भाव नसतो. हे ऐकायला चांगलं वाटतं, पण हप्ता भरताना नाही.

छपराचा दिवस मात्र सगळ्या दिवसांहून वेगळा. आमच्या छपराला मध्ये खांब नाही. बारा लाकडी वासे गोलाकार लावलेत, प्रत्येक वासा आधीच्या वाशावर टेकलेला आणि शेवटचा पहिल्याच्या खाली सरकवलेला. सगळे एकमेकांच्या खांद्यावर, आणि मध्ये आकाशाला उघडं एक चक्र. पण हे वर्तुळ पुरं होईपर्यंत पहिल्या वाशाला एका तात्पुरत्या टेकूवर उभं राहावं लागतं. शेवटचा वासा बसला, सगळं बांधून झालं, की तो टेकू काढायचा. टेकू काढायला नवरा खाली उभा होता. वर मामा, सुतार, दोन बिगारी. मी बाहेर अंगणात, दोन्ही हातांनी तोंड झाकून. त्याने घणाचा एक ठोका मारला, दुसरा मारला, टेकू निसटला. अख्खं छप्पर काही बोटं खाली बसलं आणि लाकडं अशी करकरली, जणू झोपलेलं मोठं जनावर कूस बदलतंय. मग शांतता. मग सगळ्यांची बोलणी एकदम. फोटोत छपराचं चक्र आहे, हसणारी माणसं आहेत. टेकू नाही. तो आम्ही पुढे तुकडे करून खुंट्यांना वापरला.

पहिल्या पावसात ते चक्र गळलं.

साहजिकच होतं. मध्यावरची काच, तिच्याभोवती बारा कोनांत कापलेले पत्रे, प्रत्येक पत्र्याचा निमुळता जोड. जिथे जोड तिथे पाणी. रात्री दोनला टपटप सुरू झाली तेव्हा मी नवऱ्याला धीर म्हणून थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगितल्या. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइटचं 'फॉलिंगवॉटर' घे, धबधब्यावरचं घर, १९३५ साली आखलेलं. ३५ हजार डॉलरचा अंदाज होता, पाहुण्यांच्या घरासकट १ लाख ५५ हजारांवर गेलं. पुढे आलेले सज्जे इतके कलले की २००२ मध्ये त्यांना पोलादी दोर घालून ताणून धरावं लागलं. मालक एडगर कॉफमन गमतीने त्याला सात बादल्यांचं घर म्हणायचा असं सांगतात. किंवा पॅरिसजवळचं, वास्तुकार ले कॉर्ब्युझिएचं 'व्हिला साव्हॉय', १९३१ चं. मालकीण मादाम साव्हॉयने त्याला चिडून कळवलं होतं की हॉलमध्ये पाऊस पडतोय, रॅम्पवर पडतोय, गॅरेजची भिंत चिंब झालीय. जगभरातून लोक ही घरं बघायला जातात! नवरा स्टुलावर चढून काचेच्या कडेला चिंध्या कोंबत होता. शांतपणे म्हणाला, "त्या सात बादल्या ओतायचं कोण?"

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही. राइटचं नाव आहे, कॉफमनचा विनोद आहे, बादल्यांची संख्यासुद्धा आहे. ओतणारं माणूस नाही.

आमच्या बादल्या तो ओततो. पाऊस तिरका असला की मध्यरात्री एकदा आणि पहाटे एकदा. गेल्या दोन पावसाळ्यांत गळती बरीच कमी झालीय, पण वाऱ्याची दिशा बदलली की तो झोपेतच ओळखतो आणि उठतो. माझी झोप मोडू नये म्हणून बादलीच्या तळाशी फडकं टाकून ठेवतो, म्हणजे थेंबाचा आवाज येत नाही. हे फडक्याचं मला चौथ्या पावसाळ्यात कळलं.

आणि रेडिओ. त्याला जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद होता. लाकडी पेटीचे, व्हॉल्व्हचे, सुरू केल्यावर गरम व्हायला मिनिटभर घेणारे. आधीच्या घरात एका भिंतीला लागून त्याचं लांबलचक टेबल होतं, त्यावर तारा जोडायला डाग द्यायची इस्त्री, रोझिनचा म्हणजे राळेचा वास आणि कायम कुठलं तरी खरखरणारं स्टेशन. बांधकाम सुरू झालं तेव्हा ते सगळं दोन खोक्यांत भरलं, "नऊ महिन्यांपुरतं." नऊ महिन्यांची अडीच वर्षं झाली. आणि घर झाल्यावर लक्षात आलं की लांबलचक टेबल लावायला या घरात सरळ भिंतच नाही. खोकी पोटमाळ्यावर आहेत. त्याने कधी तक्रार केली नाही. मीही विषय काढला नाही. विषय न काढणं हेसुद्धा एक कामच आहे, बरं का, आणि ते आम्ही दोघं अजून रोज करतो.

मला पूर्वी फर्दिनाँ शव्हालची गोष्ट फार आवडायची. फ्रान्समधल्या ओतरीव नावाच्या गावचा हा पोस्टमन. पत्रं वाटता वाटता एका विचित्र दगडाला ठेचकाळला, तो खिशात टाकला, आणि १८७९ पासून १९१२ पर्यंत वेचलेल्या दगडांचा एक महाल एकट्याने उभा केला. दगड आधी खिशात, मग टोपलीत, मग हातगाडीवर. महालावर त्याने हिशेबही कोरून ठेवलाय: १० हजार दिवस, ९३ हजार तास, ३३ वर्षं. स्वतःच्या घामाचे तास मोजून ते भिंतीवरच लिहिणारा माणूस मला सच्चा वाटायचा. हातगाडीलाही त्याने महालातच जागा दिली. अजूनही सच्चाच वाटतो. पण आता ती गोष्ट आठवली की मी खिशांपाशी अडकते. दगडांनी खिसे फाटले असणारच. ते शिवायचे तास त्या ९३ हजारांत आहेत का?

उलट आफ्रिकेतल्या माली देशामधल्या जेने गावच्या मशिदीचा फोटो बघितला की मला थोडा हेवा वाटतो. १९०७ साली उभी राहिलेली, अवाढव्य, सगळी मातीची. तिच्या भिंतींतून ताडाच्या लाकडांचे जुडगे बाहेर आलेले असतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नक्षी वाटली. सुंदर दिसतातच ते, पण चढायलाही कामी येतात. दरवर्षी गाव एकत्र जमून नवा मातीचा लेप देतं तेव्हा माणसं त्यांच्यावर पाय ठेवून वर जातात. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी कुणालातरी इथे चढावं लागणार आहे, हे भिंत उघडउघड सांगते. आमची भिंत ते लपवते. पश्चिमेची बाजू पावसाने दरवर्षी खवलते, आणि दरवर्षी आम्ही बांबूची परांची भाड्याने आणतो, लेप देतो, परांची परत करतो, आणि मग पाहुण्यांना बोलावतो. दोघांत मिळून चार दिवस. पहिल्या वर्षी दोन लागले होते. भिंत तेवढीच आहे.

असं सगळं लिहिलं की मला घराचा पश्चात्ताप झालाय असं वाटेल. तो होत नाही, हीच पंचाईत. उन्हाच्या वेळी बाहेरून आत आलं की भिंतीचा गारवा अंगाशी येतो. संध्याकाळी चक्रातून आलेला उजेडाचा ठिपका भिंतीवरून हळूहळू चढत जातो आणि त्या वेळी मी हातातलं काम टाकून बसते. पावसाच्या आधी भिंतींना वास येतो. खोलीच्या बरोबर मध्यावर उभं राहून बोललं की स्वतःचा आवाज सगळीकडून परत येतो, जरा मोठा होऊन. त्यामुळे भांडण निघालं की आम्ही दोघंही नकळत भिंतीकडे सरकतो. नवऱ्यालाही हे घर आवडतं. मी विचारलंय. "आवडतं की," म्हणाला. मग थोडं थांबून, "आता सवय झालीय." या दोन वाक्यांमधल्या अंतरात किती माती बसते ते मला मोजता येत नाही.

बुधवारी त्या तरुण मुलीचा फोन आला. मामांचा नंबर हवा होता. मामा आता काम करत नाहीत, असं मी सांगितलं. मग ती माती, वाळू, चुना असं एकेक विचारत गेली, मी सांगत गेले, आणि मध्येच मी २१५ टनांचं सांगून टाकलं. बरण्यांचं सांगितलं. ओळंब्याचं सांगितलं. बादलीतल्या फडक्याचं नाही सांगितलं, ते जमलं नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बांधू नका म्हणताय?" अमेरिकेतला लॉइड कान आठवला मला. सत्तरच्या सुमाराला घुमटाकार घरं बांधायला शिकवणारी पुस्तकं त्याने काढली, ती धडाधड खपली, मग त्यात राहिल्यावर चुका कळल्या आणि त्याने चालतं पुस्तक स्वतःच छापायचं थांबवलं. तेवढी हिंमत माझ्यात नाही. आणि तसं म्हणणं खरंही झालं नसतं. "तसं नाही गं," मी म्हणाले. "कपाटं आधी मोज." ती हसली. मग मी म्हणाले, "आणि तुझ्या नवऱ्याला विचार, त्याचं टेबल कुठे ठेवायचं." त्यावर ती हसली नाही. पलीकडे तिने फोनवर हात ठेवून कुणाला तरी काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं.

त्या रात्री मी वही काढली. शेवटच्या पानावर दोन रेघांखाली बोटभर जागा उरली होती. तिथे लिहिलं: आणि. खाली एकेक मांडत गेले. मामांचं बघणं. एकोणीस बरण्या. दहा वेळा उचललेली माती. चौकटीवरची फट. टेकू. परांचीचे दिवस. रेडिओ, खोकी दोन. पान संपलं म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर गेले. बादल्या, तीन. नवरा कधी मागे येऊन उभा राहिला ते कळलं नाही. चष्मा कपाळावर चढवून, वाकून, तो सावकाश वाचत होता. मला वाटलं काहीतरी म्हणेल.

"चार," तो म्हणाला. "पोटमाळ्यावरची विसरलीस."